आधी गेलेला पाय

शिंपिणीचा नवरा लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी थोडासा पुरला गेला. उरलेला पुरायला आणखी एकतीस वर्षं लागली.

तो लाकडाच्या गिरणीत कामाला होता. गाडीवरून ओंडके खाली घ्यायचे, यंत्राच्या करवतीपुढे ढकलायचे, फळ्या पाडायच्या. एके दिवशी साखळी सुटली आणि एक ओंडका त्याच्या डाव्या पायावर येऊन बसला. डॉक्टरांनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याखालून पाय काढला. शिंपीण तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नवरा शुद्धीवर आल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, याची मनाशी जुळवाजुळव करत ती दवाखान्याच्या बाकावर बसली होती. तेवढ्यात सासूबाई तिच्यासमोरून तरातरा गेल्या आणि शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या नर्सला म्हणाल्या, “पाय कुठाय?”

“कुठला पाय?”

“माझ्या लेकाचा. तुम्ही कापलात तो. द्या इकडे.”

“आजी, तो देत नसतात. जाळून टाकतात.”

सासूबाईंनी तिथेच जमिनीवर फतकल मारली. “नऊ महिने पोटात वाढवलाय मी त्याला, दोन्ही पायांसकट. शेवटच्या दिवशी प्रभू हाक मारील, तेव्हा सगळी माणसं कबरीतून उठून धावत सुटतील. आणि माझा लेक काय लंगडी घालत जाईल? पाय घेतल्याशिवाय मी इथून हलायची नाही.”

त्या खरोखरच हलल्या नाहीत. दुपारपर्यंत जाणारे-येणारे त्यांना ओलांडून गेले. शेवटी मोठे डॉक्टर बाहेर आले, कपाळाला हात लावून आत गेले, आणि थोड्या वेळानं चादरीत गुंडाळलेला पाय म्हातारीच्या मांडीवर आला. गिरणीतल्या सुतारानं दीड हात लांबीची पेटी करून दिली. चर्चचे पाळक तेव्हा तरुण होते, नवेच आले होते. त्यांच्या पुस्तकात माणूस पुरायची प्रार्थना होती, पाय पुरायची नव्हती. हो-ना करता करता त्यांनी अर्धी प्रार्थना म्हटली. सासूबाईंनी ‘आमेन’ मात्र अख्खं म्हटलं.

शिंपिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लोक हसतील, ही तिला धास्ती. लोक हसलेच. पण सगळ्यात जास्त हसला तो तिचा नवरा. कुबड्या घेऊन घरी आला तोच म्हणत, “लोक म्हातारपणी म्हणतात, एक पाय थडग्यात आहे. मी बाविसाव्या वर्षीच उरकून टाकलं.” गिरणीच्या मालकानं त्याला बसून करायचं काम दिलं. करवतींना धार लावायची, कानस घेऊन एकेक दात घासायचा. तेव्हापासून सगळे त्याला धारवाला म्हणू लागले. कोणी खुशाली विचारली की तो सांगायचा, “एक पाय थडग्यात, बाकी ठणठणीत.”

पण पाय पुरला तरी गप्प बसला नाही. नसलेला अंगठा दुखायचा, नसलेला तळवा खाजायचा. कधीकधी धारवाला हातातली कानस खाली ठेवायचा, गुडघ्याखालची हवा चोळायचा आणि म्हणायचा, “मुंग्या आल्या पायाला.” पहिल्यांदा शिंपिणीच्या अंगावर काटा आला. पुढे सवय झाली. “मग झटका जरा,” म्हणून ती मशीन चालवत राहायची.

दोन वर्षांनी त्यांना मुलगी झाली. सातव्या महिन्यातच आली, वजन जेमतेम, पण हातपाय एक क्षण थांबत नव्हते. बापानं तिला तळहातावर घेतलं आणि म्हणाला, “ही तर मुंगी.” बाप्तिस्म्याचं नाव वहीत राहिलं. घरात, गल्लीत, शाळेत ती मुंगीच झाली.

धारवाल्याला नवी पँट शिवली की शिंपीण डावा पाय गुडघ्याशी कापून शिवून टाकायची. दोन पँटींच्या उरलेल्या कापडात मुंगीचा एक फ्रॉक व्हायचा. त्यामुळे मुंगीचे सगळे फ्रॉक करडे, तपकिरी, काळपट, गिरणी कामगाराला शोभतील असे. तिला त्याचं काही नव्हतं. “हा बाबांच्या पायाचा फ्रॉक,” असं ती भेटेल त्याला सांगायची. दर रविवारी चर्च सुटलं की बापाची कुबडी धरून ती कबरस्तानात जायची. पायाच्या जागी एक चपटा दगड होता. मुंगी त्यावरची माती फ्रॉकनं पुसायची आणि चौकशी करायची.

“बाबा, पायाला थंडी वाजते का?”

“मोजा घालून पाठवलाय.”

“त्याला कंटाळा नाही येत?”

“झोपलाय गं तो. मी गेलो की दोघं मिळून उठू.”

शिंपीण फाटकाशी उभी राहून हाका मारायची, “झाल्या का गप्पा? भूक लागली नाही वाटतं कोणाला!” त्या रविवारांत आपण फाटकाशी का उभं राहिलो, आत का गेलो नाही, याचं पुढे तिला फार वाईट वाटायचं.

सहाव्या वर्षी मुंगीला घटसर्प झाला. पहिल्या दिवशी नुसता घसा दुखत होता. दुसऱ्या दिवशी श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. डॉक्टर आले, औषध दिलं. बाहेर जाताना त्यांनी शिंपिणीकडे न बघता टोपी घातली, तेव्हाच ती समजली. पण ती मुलीजवळ बसली आणि म्हणत राहिली, “बरं वाटेल हं उद्या. रविवारपर्यंत उड्या मारशील.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंगीनं बापाकडे मान वळवली. आवाज नुसता वारा झाला होता. “बाबा, मला पुरणार?”

“काहीतरीच!” शिंपीण म्हणाली. “कोण म्हणालं तुला असं?”

धारवाल्यानं बायकोकडे पाहिलं, मग पोरीकडे. कुबडी भिंतीला टेकवून तो खाटेवर बसला. “हो,” तो म्हणाला. “पण थोडे दिवस. मग प्रभू येऊन उठवील.”

“तिथे अंधार असतो. मी एकटी?”

“एकटी कशी? माझा पाय आहे ना तिथे. म्हणून तर आधी पाठवून ठेवलाय मी. तू त्याला टेकून झोप. बाकीचा मी मागून येतोच.”

“मोजा घातलेला?” तिनं विचारलं.

“घातलेला.”

मग तिची धडपड थांबली. दुपारी ती गेली. धारवाल्यानं सांगितलं म्हणून तो चपटा दगड बाजूला करून तिची पेटी त्याच जागी, पायाच्या पेटीशेजारी ठेवली.

त्यांना पुन्हा मूल झालं नाही. सासूबाईही दोन वर्षांत गेल्या. शेजारणी येऊन म्हणायच्या, “देवदूत झाली गं तुझी मुंगी.” शिंपीण मान हलवायची आणि मनात म्हणायची, मला देवदूत घेऊन काय करायचंय? मला गुडघ्यावर खपली असलेली माझी मुंगी पाहिजे. नवऱ्यावरचा तिचा राग वेगळाच होता. मी पोरीला जगवत होते आणि यानं तिला जायची परवानगी दिली, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हे खरं नाही, हे तिला कळत होतं. पण कळलं म्हणून वळतंच असं नाही.

एकदा, पोर गेल्याला महिना झाला असेल, धारवाला घरी आणलेल्या करवतीवर कानस चालवत होता. मध्येच थांबला, वाकला, गुडघ्याखालची हवा हळूच चोळली आणि स्वतःशीच हसल्यासारखा म्हणाला, “आज पायाला मुंगी आली होती.”

शिंपिणीच्या हातातली कात्री खाली पडली. “पुन्हा हे शब्द तोंडातून काढलेत तर मी घर सोडून जाईन,” ती ओरडली. “ती मेली! मेलीय ती!”

त्यानं पुन्हा कधी काढले नाहीत. मुंग्या येत असाव्यात. तो मधूनच हातातलं काम थांबवायचा, वाकायचा, हवेवरून हात फिरवायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. शिंपीण मान वर करायची नाही.

ती चर्चला जायची. गाणी म्हणायची, वेदीवरची वस्त्रं शिवून द्यायची. फक्त सगळे उभे राहून आपला विश्वास बोलून दाखवतात, त्यात मेलेल्यांचे देह पुन्हा उठतील हे वाक्य आलं की ती ओठ मिटून घ्यायची. ते वाक्य संपलं की पुढचं म्हणायची. कोणाला कळलं नाही, अशी तिची समजूत होती. अशी तेवीस वर्षं गेली.

धारवाल्याचं हृदय थकलं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. आधी गिरणी सुटली, मग जिना, शेवटी त्यानं खाट धरली. शिंपिणीनं मशीन त्याच्या खाटेजवळ आणून ठेवलं. लोक भेटायला यायचे, तो त्यांना हसवून पाठवायचा. पाळकही यायचे. आता तेही म्हातारे आणि पुरते बहिरे झाले होते. प्रार्थना एवढ्या मोठ्यानं करायचे की खालचा दुकानदारही आमेन म्हणायचा.

एका दुपारी शिंपीण कोणाच्या तरी परकराला नाडी घालत होती. धारवाला छताकडे बघत पडला होता.

“अगं,” तो म्हणाला, “पाय गप्प झालाय.”

“म्हणजे?”

“सहा महिने झाले. दुखत नाही, खाजत नाही. मुंग्यासुद्धा येत नाहीत. तू रागावशील म्हणून बोललो नाही. इतकी वर्षं रोज काहीतरी व्हायचं. मला वाटायचं, तिथे कोणीतरी आहे. आता काहीच नाही. नुसती माती असल्यासारखं.”

शिंपिणीनं परकर खाली ठेवला.

“मी तिला खोटं तर नाही ना सांगितलं?” तो म्हणाला. “माझ्या भरवशावर गेली ती. पायाला टेकून झोप म्हणालो. आणि तिथे काहीच नसलं तर? कोणी उठवणारच नसलं तर?” त्यानं तिचा हात धरला. त्याचे हात गार होते. “तू सांग. भेटेल ना ती?”

तेवीस वर्षं शिंपीण मनातल्या मनात या माणसाशी भांडत होती, आणि तो एकदाचा तिच्या बाजूला आला होता. तुमचं सगळं थोतांड होतं, हे कबूल करा, असं तिला कितीदा म्हणावंसं वाटलं होतं. आता तो कबूल करत होता आणि तिला ते बघवत नव्हतं. बुडणाऱ्या माणसाचं तोंड असं असतं, तिला वाटलं.

“भेटेल,” ती म्हणाली. “न भेटायला काय झालं? वाट बघत असेल.”

“तू म्हणतेस?” त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. “तू तर त्या वाक्याला तोंड मिटून घेतेस.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दर रविवारी शेजारी उभा असतो मी. पाय नाही मला, कान आहेत.”

“मनात म्हणते,” ती म्हणाली.

त्याला ते पटलं की नाही, हे तिला कधीच कळलं नाही. तो एवढंच म्हणाला, “बरं.” आणि तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी, जेवणवेळेच्या जरा आधी, तो गेला.

पुरण्याच्या दिवशी सकाळीच कबरस्तानाच्या राखणदारानं तिला निरोप पाठवला, एकदा येऊन जा. शिंपीण गेली. मुंगी गेल्यापासून ती फाटकाच्या आत यायला लागली होती, वर्षातून दोनदा. आज दगड बाजूला उभा करून ठेवला होता आणि राखणदार कमरेपर्यंत खड्ड्यात होता. साठीचा, शांत माणूस. घाम पुसत तो वर आला.

“बाई, आधीचं निघालंय,” तो म्हणाला. “पेट्या राहिल्या नाहीत. बघवणार नसेल तर बघू नका. पण विचारायला पाहिजे होतं.”

त्यानं एका स्वच्छ गोणपाटावर सगळं नीट मांडून ठेवलं होतं. लहान लहान हाडं, पाखराची असावीत तशी. दोन काळी बटणं. आणि त्यांच्यामध्ये एक लांब, जाड, मोठ्या माणसाचं हाड, एका टोकाला करवतीनं कापल्यासारखं सरळ.

शिंपीण गोणपाटाजवळ खाली बसली. तिनं कशाला हात लावला नाही.

“असं वेगवेगळं होतं?” तिनं विचारलं.

“नाही. माती खचते, सरकतं सगळं. ही लहान हाडं त्या मोठ्याला अगदी लागूनच होती. मी सुटी केली.” राखणदार खाकरला. “पोरीसाठी लहान पेटी आणलीय. विचारायचं होतं ते पायाचं. तो धनींच्या पेटीत ठेवू का? पेटीचं झाकण अजून ठोकलेलं नाही. म्हणजे माणूस पुरा होईल. तुमच्या सासूबाईंची तीच इच्छा होती म्हणतात. त्यासाठीच तर पुरला होता.”

सासूबाई त्या दवाखान्यात जमिनीवर बसलेल्या शिंपिणीच्या डोळ्यांपुढे आल्या. त्यांचं ऐकायला हवं होतं. पाय ज्याचा त्याच्याकडे जायला हवा होता, यात चूक काही नव्हतं. ती त्या लांब हाडाकडे बघत राहिली.

“नको,” ती म्हणाली. “पोरीच्याच पेटीत ठेवा.”

“अहो, पण मग ते...”

“त्यांनी शब्द दिलाय तिला. टेकून झोप म्हणून. आता काढून घेतला तर ती जागी होईल.” तिनं पदराखाली हात घट्ट धरले. “उठायचंच झालं तर ते लंगडत तिच्यापर्यंत जातील आणि पाय मागून घेतील. जवळच तर आहेत.”

राखणदारानं पेटी पुढे ओढली. पेटी लहान होती आणि हाड लांब. ते तिरकं ठेवावं लागलं. मग लहान हाडं त्याच्या कडेनं ठेवताना त्याचे मातीचे हात हळू झाले. शिंपिणीनं स्वतःच्या डोक्यावरचा रुमाल सोडून वरून पसरला आणि कडेनं खोचला, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण खोचतात तसा.

दुपारी गिरणीतली माणसं, गल्लीतली माणसं, सगळी आली. पाळकांनी ओरडून प्रार्थना केली. या वेळी पुस्तकातली अख्खी प्रार्थना होती. दोन पेट्या खाली गेल्या, माती पडली, लोक एकेक करून शिंपिणीच्या खांद्याला हात लावून निघाले. पाळक मागे राहिले. शिंपीण त्यांच्याजवळ गेली.

“पाळकसाहेब, मी त्यांना खोटं सांगितलं.”

“काय मोठं सांगितलं?”

“खोटं! खोटं सांगितलं मी!” फाटकापाशी पोचलेली माणसं वळून बघू लागली. पण आता शिंपिणीला थांबता येईना. “पोर भेटेल का म्हणून विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं. माझा विश्वास नाही! तेवीस वर्षं नाही!”

पाळकांना ऐकू आलं. ते शेजारच्या कबरीच्या कट्ट्यावर बसले आणि तिलाही बसायची खूण केली.

“माझी बायको त्या पलीकडच्या रांगेत आहे,” ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आवाज खाली आणता येत नाही, तरी त्यांनी प्रयत्न केला. “अकरा वर्षं झाली. रोज सकाळी जातो. आहेस ना, म्हणून विचारतो. मला तसंही ऐकू येत नाही. म्हणून समजून चालतो, ती उत्तर देत असेल.”

“हे काही उत्तर नाही झालं.”

“नाही झालं,” पाळकांनी मान्य केलं.

शिंपीण पायानं माती सारखी करत बसली. मग, इतक्या वर्षांत कोणाला न सांगितलेलं तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, “मला देवदूत नको. तिच्या गुडघ्यावर खपली होती. पडली होती त्या आठवड्यात. मला ती खपली असलेली पाहिजे.”

“येशू उठला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते,” पाळक म्हणाले. “नवा देह मिळाला, पण व्रण पुसले नव्हते. ते बघूनच ओळखलं त्याच्या शिष्यानं. मग पोरीची एवढीशी खपली कोण कशाला पुसेल?”

शिंपिणीला ते पटलं असं नाही. पण खोडून काढावंसंही वाटलं नाही. तिनं पाळकांना हात देऊन उठवलं आणि दोघं एकमेकांना धरत, तोल सांभाळत फाटकाकडे निघाली.

घरी शेजारणीनं जेवण झाकून ठेवलं होतं. शिंपिणीनं दोन घास खाल्ले, खाटेवरची चादर काढली, घडी करून ठेवली आणि दिवेलागणीलाच आडवी झाली. तिला गाढ झोप लागली. मुंगी गेली तेव्हा डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आताही आलं नव्हतं. लोक तिला घट्ट काळजाची म्हणत, तीही स्वतःला तेच म्हणे.

सकाळी तिनं चहा टाकला. उकळी आली, गाळला. खिडकीतून ऊन खाटेच्या कडेवर आलं होतं. किटली खाली ठेवता ठेवता, मागे न बघता, ती रोजच्यासारखी म्हणाली, “अहो, उठा आता.”

आणि आपलाच शब्द तिच्या कानावर पडला.

ती ओट्याला धरून उभी राहिली. मग खाली बसली. आधी नुसते खांदे हलले, आणि मग तेवीस वर्षांचं रडू एकदम वर आलं, मोठ्या आवाजात, लहान पोरासारखं. शेजारीण धावत आली, दारात थबकली आणि तिच्याजवळ जमिनीवर बसली. चहा निवून गेला. ऊन खाटेवरून भिंतीवर चढलं, तरी दोघी तशाच बसून होत्या.